बादलीत सोडलेला पाइप

४ मार्च

सूनबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. फोन वाजून वाजून आपोआप गप्प बसतो. पत्राचं तसं नसतं, ते दारात पडून राहतं आणि कधीतरी वाकून उचलावंच लागतं. घाबरू नकोस, मी बरी आहे. विषय कपडे धुण्याच्या मशीनचा आहे.

तू बदली होऊन गेलीस तेव्हापासून मी त्याच्यावर जुनी चादर घालून ठेवली होती. एकटीचे कपडे ते किती, हातानेच उरकायचे. आता काही कारणाने ते लावावं लागलं, तर साहेब रुसून बसले आहेत. कारण काय ते महत्त्वाचं नाही.

होतं असं. चालू केलं की पाणी घेतं. पाणी घेतल्याचा आवाज येतो आणि येतच राहतो. घाण पाणी सोडायचा पाइप मी नेहमीसारखा बादलीत सोडलेला असतो, आणि बादलीही भरते. म्हणजे पाणी आत येतं आहे आणि बाहेरही पडतं आहे, याला मी स्वतः साक्षीदार आहे. तरी थोड्या वेळाने वरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागतो, टीं टीं होतं आणि सगळं ठप्प. मशीनबरोबर आलेलं पुस्तक शोधून काढलं. त्यात त्या दिव्याचा अर्थ दिला आहे, ‘पाणी मिळत नाही’. दार उघडून पाहिलं तर कपडे नुसते दमट, आणि साबणाची पूड कप्प्यात निम्मी तशीच. इकडे बादली भरून वाहते आहे आणि हे म्हणतं पाणी नाही. इतकं धडधडीत खोटं बोलणारी वस्तू मी आजवर पाहिली नव्हती.

वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका मदतीला आले. तुला माहीतच आहे, त्यांनी जन्मभर बस चालवली, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र ही त्यांच्या लेखी बसच. त्यांनी आधी नळाकडून येणारी नळी काढली, तिच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते ती दात घासायच्या ब्रशने घासून लख्ख केली. मग खालचं ते छोटं झाकण फिरवलं. मी म्हणत होते, खाली परात ठेवा. ते म्हणाले, काही होत नाही. पाणी मोरीतून निघालं ते थेट बैठकीच्या खोलीपर्यंत गेलं. आतून एक शर्टाचं बटण आणि एक केसांचा चिमटा निघाला. काकांनी तो चिमटा असा वर धरला, जणू रोगच उपटून काढला. मशीन लावलं, पुन्हा तांबडा दिवा. आता ते म्हणतात, विजेचा दाब कमी आहे. म्हणजे त्यांचं ज्ञान संपलं.

मला कोडं पडलं आहे ते वेगळंच. माझा मुलगा होता तेव्हा हे मशीन मुकाट चालायचं. तो गेल्यावर तू इथे माझ्याजवळ राहिलीस, तेव्हाही एकदा कुरकुरलं नाही. मी तेव्हा करायचे तेच आजही करते. साबणाचं पाणी वाया घालवायचं नाही, ही माझी शिस्त, इस्पितळात चादरी-कपड्यांच्या खोलीची नोकरी केली तेव्हापासूनची. त्या पाण्याने आपला जिना किती लख्ख राहतो हे सगळ्या इमारतीने पाहिलं आहे. तुम्ही दोघं त्यावरून मला चिडवायचात, ते असो. तर तू नेमकं काय करायचीस? एखादी कळ वेगळी दाबायचीस का? आठवून कळव.

आणखी एक. माझी धाकटी बहीण येऊन गेली. तुमच्या शहरात तिच्या ओळखीचं कुणीतरी आहे, त्यांच्याकडून ऐकून आली की तू पुन्हा लग्न करते आहेस. मी तिला म्हटलं, तसं काही असतं तर ती मला आधी सांगेल. तुझी ही मावससासू एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाही, पण त्यावर तिने चहाचा कप तोंडाला लावला. मी तुला त्याबद्दल विचारणार नाही. मशीनचं मात्र कळव.

अक्षर वाकडं आलं आहे. कागद सरकतो.

तुझी सासू


१७ मार्च

सूनबाई,

उत्तर नाही. बँकेत मार्चअखेरची गडबड असेल, असं मी स्वतःला समजावते आहे. धाकटी समजावून घेत नाही.

मशीनची हकिकत पुढे सरकली आहे आणि ती ऐकून तूही चक्रावशील. मेकॅनिक बोलावला. शांत माणूस, फार बोलत नाही, हे मला आवडलं. त्याने मशीन भिंतीपासून ओढून पुढे घेतलं, मागे डोकावला, नळ्या इकडच्या तिकडे केल्या आणि चालू केलं. आणि काय सांगू, ते चाललं. पाणी घेतलं, घुसळलं, सोडलं, पिळलं, सगळं शहाण्यासारखं. तो म्हणाला, आजी, मशीन ठणठणीत आहे. मी त्याला चहा दिला, त्याने मशीन जागेवर ढकललं आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी कपडे भरले, बादली लावली, कळ दाबली. टीं टीं.

त्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. तो समोर असला की हे पाळण्यातल्या बाळासारखं गुणी, आणि त्याची पाठ फिरली की अंगात आल्यासारखं. तिसऱ्यांदा बोलवायची मला लाज वाटली. तोच जाताना म्हणून गेला की मशीन बहुतेक तुम्हाला घाबरतं. मी इस्पितळात होते तेव्हा माणसंही घाबरायची, त्यामुळे मी हे अगदीच अशक्य मानत नाही.

त्याने आणखी एक विचारलं, जे मी तुला लिहिणार नव्हते. म्हणाला, हात प्लास्टरमध्ये असताना कपडे कोण भरतं? तर आता सांगूनच टाकते. डावं मनगट मोडलं आहे. मोरीत पाय घसरला, साबणाचं पाणी सांडलं होतं. एका हाताने कपडे घासता येतात, पण पिळता येत नाहीत. नळाच्या तोटीला एक टोक अडकवून दुसरं पिरगाळून पाहिलं, तर तोटीच हातात आली. म्हणून मशीन. कागद सरकतो तोही यामुळेच, धरायला दुसरा हात नाही. धाकटी म्हणते, माझ्याकडे राहायला ये आणि ते धूड विकून टाक. तिच्याकडे दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी ती मला भाजी निवडायलासुद्धा देत नाही.

मी विचारणार नाही असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते जमत नाही. खरं आहे का?

तुला वाटेल, हिला काय अधिकार. तोच विचार मी रोज करते आहे. तुम्हाला मूल नाही. तो नाही. आपल्या दोघींना जोडणारं कागदावर काही उरलेलं नाही. तू बदली होऊन गेलीस तेव्हा रोज फोन करायचीस. मग एक दिवसाआड झाला, मग ‘हो आई, बरं आई’ एवढाच राहिला, आणि आता तोही नाही. तुझी सख्खी आई तू लहान असतानाच गेली, म्हणून मी समजत होते की मी तुझी कुणीतरी आहे. मी सासू म्हणून फार गोड नव्हते, हे मला कुणी सांगायला नको. पण तू मला न सांगता निघून जाशील, तेही या शहरातून त्या शहरात नाही, या घरातून त्या घरात, हे मला सहन होत नाही. जे काही असेल ते तुझ्या तोंडून कळू दे. धाकटीच्या ओळखीच्या माणसांकडून नको.

तुझी सासू


३० मार्च

सूनबाई,

पत्र मिळालं. वर मायना नाही, खाली नाव नाही. सरळ पहिली ओळ, ‘पाइप बादलीत सोडू नका.’ मी आधी पाकीट उलटं करून पाहिलं, आणखी काही पडतं का.

मग नीट वाचलं. पाइप उंच टांगावा लागतो, निदान मशीनच्या कमरेइतका, म्हणजे आत घेतलेलं पाणी आत राहतं. जमिनीवर बादलीत सोडला की पाणी येईल तसं उतारानं वाहून जातं, आणि मशीन बिचारं भरता भरता थकतं. म्हणजे ते खोटं बोलत नव्हतंच. त्याला खरोखर पाणी मिळत नव्हतं, मीच ते बादलीत काढून घेत होते. आणि मेकॅनिकचंही कोडं सुटलं. दोन्ही वेळा त्याने तो पाइप उचलून मोरीच्या कट्ट्यावर टाकला होता, आणि तो गेल्यावर दोन्ही वेळा मी तो काढून नीट बादलीत लावला होता. नीट!

पण मग मी विचार करत राहिले, की इतकी वर्षं तो पाइप मी बादलीतच सोडत आले, तेव्हा कसं चालायचं? तर त्याचं उत्तर तू पुढच्याच परिच्छेदात लिहिलं आहेस. ते वाचून मी तशीच मोरीच्या उंबरठ्यावर बसले.

हे काम आधी माझ्या मुलाचं होतं म्हणतेस. मशीन नवं आलं तेव्हा त्याने मला एकदा सांगितलं होतं की पाइप वर टांगायचा असतो, आणि मी म्हणाले होते, ‘इस्पितळाचे कपडे धुऊन घेतले आहेत मी, मला शिकवू नकोस.’ मला हे आठवत नाही, पण वाक्य माझंच वाटतं. त्यानंतर त्याने वाद घातला नाही. मी पाइप बादलीत सोडून वळले की तो येऊन गुपचूप खुंटीला टांगायचा, आणि मशीन पाणी सोडायला लागलं की उतरवून बादलीत धरायचा. मी येऊन बघते तर बादली काठोकाठ. मग मी तुम्हाला भाषण द्यायचे, बघा, किती पाणी वाचलं. तुम्ही दोघं चेहरे गंभीर करून ऐकायचात. गंभीर कसले, आता कळतं, ओठ चावत असाल. आणि तो गेल्यावर ते काम तू उचललंस, मला एका शब्दाने न सांगता.

म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत. मी मोरीच्या उंबरठ्यावर बसून हसायला लागले आणि मला थांबताच येईना. ड्रायव्हरकाका वरून उतरून आले, काय झालं म्हणून. मी त्यांना म्हटलं, विजेचा दाब वाढला. ते समाधानाने परत गेले.

खुंटी शोधली. आहे जागेवर, नळाच्या वर डाव्या बाजूला. मी तिच्यावर इतके दिवस घासणी अडकवत होते.

पत्राच्या मागच्या पानावर जे लिहिलं आहेस तेही वाचलं. बातमी खरी आहे. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, त्याचीही बायको वारली आहे, तू चष्मा बदलायला गेलीस तिथे ओळख झाली. एप्रिलअखेरीला नोंदणी पद्धतीने लग्न आहे. त्याआधी त्याला घेऊन मला भेटायला येऊ का, असं विचारलं आहेस. मी नको म्हटलं तरी लग्न होईल, पण मग या दारात पुन्हा यायला तुझे पाय उचलणार नाहीत, असंही लिहिलं आहेस. आणि भेट झाली तर मला काय म्हणून हाक मारायची, असं तो विचारतो.

याचं उत्तर आज देत नाही. प्लास्टर लवकरच निघेल म्हणतात.

तुझी सासू


९ एप्रिल

सूनबाई,

तुझी चिठ्ठी आली. ‘समजले. काळजी घ्या.’ एवढीच.

काय समजलं तुला? मी काही म्हटलेलंच नाही, तर समजलं काय? उत्तर आज देत नाही, असं मी लिहिलं होतं. उत्तर नको असं आहे, असं लिहिलं नव्हतं. लगेच फोन लावला, तू उचलला नाहीस. पुन्हा लावला.

आज मी चिडलेली आहे आणि चिडून लिहिलेलं टपालात टाकलं की परत काढता येत नाही, म्हणून इथेच थांबते. तू काही ठरवू नकोस. मी लिहिते आहे.


११ एप्रिल

पोरी,

काल प्लास्टर निघालं. हात अजून पेन्सिलीसारखा बारीक आणि पांढरा दिसतो, पण कागद धरतो.

तुला वाटलं, सासूने मशीनचं तेवढं उचललं आणि लग्नाचं बाजूला सारलं, म्हणजे तिला ते मान्य नाही. तसं वाटणं बरोबरच होतं. मला मान्य नव्हतं. धाकटीने बातमी आणली त्या दिवशी मी तिच्यासमोर हसले, तिला चहा दिला, दारापर्यंत सोडलं. मग तुझ्या खोलीत गेले आणि तुझी उशी उचलून भिंतीवर मारली. धड नेमही लागला नाही. उशीवर राग काढायचं माझं वय नाही, पण काढला. मला वाटलं, ही त्याला दुसऱ्यांदा पोचवायला निघाली. हे मी कुणाजवळ बोलले नाही. तुला लिहिते आहे, कारण नाही लिहिलं तर तू समोर आलीस की ते माझ्या तोंडावर दिसत राहील आणि तू मनातल्या मनात ओळखशील. त्यापेक्षा हे बरं.

मग तुझं पाइपचं पत्र आलं आणि माझी रागाची सोयच गेली.

हसून झालं, त्यानंतर मी मशीन लावलं. पाइप खुंटीला टांगला. म्हटलं, हे दोघं करायचे तसं आपण करून बघू, पाणी सोडायची वेळ झाली की उतरवू. पण ती वेळ कळणार कशी? घड्याळावर कळत नाही, प्रत्येक वेळी कमीजास्त होतं. दिव्यावरूनही कळत नाही. तिथेच उभं राहून ऐकावं लागतं. आधी ढोलाचं गरगरणं थांबतं, क्षणभर सगळं गप्प होतं, मग खालून एक बारीक घरघर सुरू होते. त्याच वेळी पाइप उतरवायचा. जरा उशीर झाला की पाणी मोरीत. माझा उशीर झाला. दुसऱ्या खेपेलाही झाला. तिसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन मोरीत बसले, कान तिकडे लावून, आणि तेव्हा कुठे अर्धी बादली हाती लागली.

त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला ते दिवस आठवले. तो गेल्यावर मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवायला तू उठवायचीस, अंघोळीला तू उठवायचीस. आपणहून मी फक्त मशीन लावायला उठायचे. का, ते मला सांगता येणार नाही, हातांना सवय होती म्हणून असेल. कपडे भरायचे, पाइप बादलीत सोडायचे, आणि परत जाऊन पडायचे. थोड्या वेळाने तू हाक मारायचीस, ‘आई, बादली भरली.’ मग ते पाणी फुकट जाऊ नये म्हणून मी उठायचे आणि जिना पुसायला बाहेर जायचे. ड्रायव्हरकाका भेटायचे, समोरच्या भेटायच्या, कुणीतरी दोन शब्द बोलायचं. तेवढंच काय ते माझं माणसांत जाणं होतं.

तू पत्रात एवढंच लिहिलं आहेस की ते काम तू उचललंस. पुढचं मी जोडते आहे, चुकत असेन तर सांग. तुझा नवरा गेला होता. तुलाही भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटलं असेल. त्याऐवजी तू त्या ओल्या मोरीत उभी राहून मशीन कधी घरघरतं ते ऐकत असायचीस, कारण बादली भरली नसती तर ही म्हातारी उठली नसती. मी मात्र तेव्हा मनात म्हणायचे, सूनबाई धीराची आहे, हिला फारसं काही वाटलेलं दिसत नाही.

हे कळल्यानंतर तुला नाही म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. पण फक्त तेवढ्यासाठी मी हो म्हणत नाही. उपकार फेडल्यासारखं हो म्हटलं तर ते तुलाही कळेल आणि त्यालाही. माझी खरी भीती काय आहे ती सांगते, आणि मग हो म्हणते.

माझ्या मुलाबद्दल बोलायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. धाकटीसमोर त्याचं नाव काढलं की तिचा रुमाल बाहेर येतो आणि मलाच तिला पाणी द्यावं लागतं. ड्रायव्हरकाका घाईघाईने दुसरा विषय काढतात. बाकीचे लोक ‘फार गुणी होता’ म्हणतात. गुणी कसला! अंघोळीला गेला की टॉवेल विसरायचा आणि आतून ओरडायचा. शिंकायला लागला की सलग, थांबायचं नाव नाही, शेवटी तू दुसऱ्या खोलीतून ‘बास आता’ म्हणायचीस. मोजे नेहमी उलटे करून धुवायला टाकायचा. हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला हे आठवून हसू येतं, असं माणूस या जगात आता फक्त तू आहेस. तू दुसऱ्याच्या घरात गेलीस की तुझ्याशी त्याच्याबद्दल बोलणं चोरट्यासारखं होईल, फोनवर आवाज बारीक करावा लागेल, आणि मग हळूहळू आपण दोघी हवापाण्याचं बोलू लागू. मला याची भीती वाटत होती. तुझ्या लग्नाची नव्हती.

तर माझी एकच अट आहे. वर्षाकाठी कधीतरी, तुला जमेल तेव्हा, तू इथे यायचं आणि आपण दोघींनी बसून त्याच्या कागाळ्या करायच्या. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला हे आधी सांग. त्याचीही बायको गेली आहे, त्यामुळे त्याला फार समजावावं लागणार नाही असं वाटतं. त्याच्याही मनात तिच्या कागाळ्या साठल्या असतील, त्या त्याने बेलाशक कराव्यात, मी ऐकेन.

येत्या रविवारी या, दोघंही. आधी तू एकटी आत ये. मला रडायचं आहे आणि ते अनोळखी माणसासमोर मला जमायचं नाही. तोवर त्याला वर ड्रायव्हरकाकांकडे बसव, मी त्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांना हल्ली जवळचं अंधुक दिसतं, तेवढ्यात डोळे तपासून होतील. धाकटीलाही बोलावलं आहे. ती जरा तोंड वाकडं करेल, तिकडे कानाडोळा करायचा. जेवायच्या वेळेपर्यंत ती त्याला चष्म्याच्या काचांबद्दल प्रश्न विचारायला लागेल, हे मी तुला आताच लिहून देते.

आता त्याचा प्रश्न. मला काय म्हणायचं? काकू म्हणावं. बाई म्हणावं. नोकरीत सगळे मॅडम म्हणायचे, तेही चालेल. फक्त आई म्हणू नये. माझा त्याच्यावर राग नाही, पण दुसऱ्या पुरुषाच्या आवाजात ते माझ्याने ऐकवणार नाही. मला तसं म्हणणारी या जगात दोनच माणसं होती. एक गेला. दुसरीने मागच्या पत्रात आणि त्या चिठ्ठीत मला काहीच म्हटलेलं नाही, ना वर, ना खाली. आता आपला तो हक्क राहतो की नाही, हे तिला ठरवता आलं नसावं. ते ठरवायचं काम तिचं नाही.

रविवारी बेल वाजवू नकोस. बाहेरून हाक मार. मी दाराशीच उभी असेन.